दादांचे सामायिक

गेल्या भाद्रपदात मंदिरातील स्वाध्याय आटोपून आम्ही बाहेर पडत होतो. पायऱ्यांवर एका परिचित गृहस्थांनी मला हळूच बाजूला घेतले. त्यांच्या मातोश्रींचा स्तनाचा कर्करोग मणक्यात उतरला होता आणि डॉक्टरांनी शेक घेण्यास सांगितले होते. ते म्हणाले, "तुमच्या दादांना दिले होते ना? आम्ही तर नको म्हणून कळवणार आहोत. बरं होणार नाही असं डॉक्टर स्वतःच सांगतात, मग या वयात आईला कशाला जाळायचं?"

उभ्या उभ्या जे सांगता आले ते सांगितले. परंतु मुलुंडला घरी परतताना वाटत राहिले की हाच प्रश्न आठ वर्षांपूर्वी आमच्याही घरात विचारला गेला होता, जवळजवळ याच शब्दांत, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत दादांनी जे सोसले ते टाळता आले असते. म्हणून हे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर, सारी नोकरी बँकेत झालेला माणूस. येथे जे लिहिले आहे ते एका धाकट्या भावाने जवळून पाहिलेले आणि डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलेले आहे.

आमचे मूळ घर सोलापूर जिल्ह्यातले. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. १९६६ साली, अठराव्या वर्षी, ते मुंबईस आले आणि काळबादेवीच्या मूळजी जेठा मार्केटमध्ये एका पेढीवर गुमास्ता म्हणून राहिले. पुढे स्वतःची गादी झाली, घाटकोपरला घर झाले. माझे एम.कॉम.चे शिक्षण त्यांच्या पैशावर झाले. बँकेत लागल्यावर पहिला पगार त्यांच्या हातावर ठेवला, तर म्हणाले, "आधी मंदिरात ठेव, मग वहिनीला दे. माझी उधारी तुझ्याकडे काही नाही."

पहाटेचे सामायिक हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम होता. दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, एका आसनावर स्थिर बसायचे. पाऊस असो, गाड्या बंद असोत, मार्केटमध्ये मंदी असो, दादांचे आसन चुकत नसे.

२०१४ साली त्यांना प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीचा, कर्करोग असल्याचे निदान झाले. आम्ही घरातल्यांनी ठरवले की त्यांना हा शब्द सांगायचा नाही. "गाठ आहे, इंजेक्शनने विरघळेल," एवढेच सांगितले. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असे. दोन वर्षे प्रकृती उत्तम राहिली आणि आम्हीही तो शब्द विसरल्यासारखे झालो.

२०१६ च्या दिवाळीत, वहीपूजनाच्या दिवशी, दादा गादीवर मांडी घालून बसू शकले नाहीत. डाव्या खुब्यात आणि कमरेत कळ येत होती. सगळ्यांनी वय आणि मार्केटची ओढाताण यांवर खापर फोडले. एक मालीशवाला रोज येऊ लागला. त्यानंतर नऊच दिवसांनी, ८ नोव्हेंबरच्या रात्री, नोटाबंदी जाहीर झाली. पुढचे पन्नास दिवस बँकेच्या माणसांनी कसे काढले, हे व्यापारी वाचकांना निराळे सांगायला नको, त्यांनी काउंटरच्या दुसऱ्या बाजूने तेच दिवस काढले आहेत. मी सकाळी आठला शाखेत जाई आणि रात्री दहाला घरी येई. पुतण्या पेढीच्या काळजीत होता. मुलुंडहून घाटकोपर पाच स्थानकांवर आहे. त्या पन्नास दिवसांत मी तेथे एकदाही गेलो नाही. फोनवर दादा म्हणत, "कंबर जरा धरली आहे, बाकी ठीक," आणि मी ते खरे मानून घेत असे, कारण खरे मानणे सोयीचे होते.

१ जानेवारी २०१७, रविवार. मी गेलो तेव्हा दादा खुर्चीत बसून होते, पुढे टेबलावर उशी, उशीवर डोके. वहिनी स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "भाऊजी, दोन महिने हे रात्री असेच बसून काढतात. आडवं झालं की कळ वाढते. सामायिकही सुटलं." शेवटचे वाक्य त्या अगदी हलक्या आवाजात बोलल्या.

रात्री वाढणारे, विश्रांतीने न थांबणारे हाडाचे दुखणे, तेही ज्याला पूर्वी कर्करोग झाला आहे अशा माणसाचे, हे कमरेचे साधे दुखणे समजून चालत नाही, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. प्रोस्टेट, स्तन, फुफ्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांचे कर्करोग हाडांत जाण्याचा संभव विशेष असतो. रक्तातून निघालेल्या पेशी जेथे अस्थिमज्जा आणि रक्तपुरवठा भरपूर तेथे, म्हणजे मणके, कटीची हाडे, फासळ्या, मांडीचे हाड येथे, घर करतात. दादांचा बोन स्कॅन झाला. शिरेतून किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचतात, ते हाडांत मुरल्यावर दोन-तीन तासांनी चित्र घेतात. त्या चित्रात कमरेच्या दोन मणक्यांवर आणि डाव्या खुब्यावर काळे डाग होते. मालीशीची गोष्ट ऐकून डॉक्टर दचकले. आतून पोखरलेल्या हाडावर दाब दिला तर ते मोडूही शकते.

आमच्या उपनगरातल्याच एका रुग्णालयात किरणोपचार विभागाच्या डॉक्टर बाईंकडे आम्हाला पाठवले गेले. दाराबाहेर पुतण्याने मला थांबवले. "काका, डॉक्टरांना आधीच सांगा, बाबांसमोर तो शब्द काढू नका." मी आत जाऊन तसे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्यांना स्वतःला काय माहीत आहे?" मी म्हणालो, "काही नाही." त्या म्हणाल्या, "त्यांच्या अंगावर मला खुणा करायच्या आहेत. त्या कशासाठी हे न सांगता मी कशा करू? मी घाबरवणार नाही. पण विचारतील तेवढं खरं सांगेन."

दादा आत आले. डॉक्टरांनी विचारले, "काका, तुम्हाला काय आजार आहे असं तुम्हाला वाटतं?" दादा आमच्याकडे न पाहता म्हणाले, "बाहेर तीन भाषांत पाटी लावली आहे. मला तिन्ही वाचता येतात." मग थोडे थांबून म्हणाले, "मला २०१४ पासून ठाऊक आहे. खतावणीत एकच रक्कम घरातल्या चौघांनी चार वेळा खोडली, तर ती रक्कम काय होती हे कोणीही ओळखेल. यांना बरं वाटतं म्हणून मी गप्प राहिलो." दोन वर्षे आम्ही त्यांना सांभाळत आहोत असे आम्हाला वाटत होते. प्रत्यक्षात ते आम्हाला सांभाळत होते, आणि आमच्या नाटकात अडथळा नको म्हणून कमरेची कळही लपवत होते.

नंतर डॉक्टरांनी उपचार सांगितला. गुजराती घरांत त्याला शेक म्हणतात, कित्येक मराठी घरांत "लाईट देणे" म्हणतात. शेक या शब्दाने आपली फसगत होते, कारण त्यात उष्णता काहीच जाणवत नाही. छातीचा एक्स-रे काढताना जसे काही कळत नाही तसेच. फरक शक्तीचा. या किरणांची शक्ती पुष्कळ जास्त असते आणि ते पेशीच्या गाभ्यातील डीएनए तोडतात. निरोगी पेशी तो पुष्कळसा दुरुस्त करून घेते, कर्करोगाच्या पेशीला ते नीट जमत नाही. हाडात सतत दोन कामे चालू असतात, काही पेशी जुने हाड झिजवतात आणि काही नवे घालतात. जमाखर्चाचा हा मेळ कर्करोग बिघडवतो. किरणांनी त्या झिजवणाऱ्या पेशींची धावपळ आणि दुखणे वाढवणारी रसायने शमतात, त्यामुळे गाठ लहान होण्याची वाट न पाहताही वेदना उतरू लागते. हाड पुन्हा भरून येण्यास मात्र काही आठवडे, कधी महिने लागतात.

पुतण्याने विचारलेच, "याने आयुष्य वाढेल?" डॉक्टरांनी उत्तर सौम्य केले नाही. "या शेकाने नाही. आजारासाठी औषधं वेगळी चालूच राहतील. हा शेक दुखण्यासाठी आहे. शंभरांत साठ-सत्तर जणांचं दुखणं बऱ्यापैकी कमी होतं, त्यातल्या काहींचं पूर्ण जातं. काहींना उपयोग होत नाही, तेही सांगून ठेवते."

आणि किती वेळा? "एकदा. आठ ग्रे, एकाच दिवशी." ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप आहे.

येथे आमच्या घरातला व्यापारी जागा झाला. पुतण्या म्हणाला, "डॉक्टर, पैशाचा प्रश्न नाही. दहा द्यायचे असतील तर दहा द्या. आमच्या ओळखीत एकांना दहा दिले होते." त्या हसल्या. त्यांनी समजावले की हा प्रश्न जगभर अनेक रुग्णांवर तपासून पाहिलेला आहे. एका दिवसात आठ ग्रे, पाच दिवसांत वीस, किंवा दहा दिवसांत तीस, यांपैकी काहीही दिले तरी साध्या, न मोडलेल्या हाडाचे दुखणे जवळजवळ सारखेच कमी होते. एकदाच दिला तर पुढे कधीतरी त्याच जागी पुन्हा द्यावा लागण्याचा संभव अधिक, शंभरांत सुमारे वीस जणांना, उलट अनेक दिवस दिल्यास सुमारे आठ जणांना. परंतु तसा पुन्हा देता येतो. उलट बाजूला दहा दिवस टॅक्सी, दहा वेळा जिने, दहा वेळा त्या कडक टेबलावर निजणे. ज्याला कूस बदलणेही कठीण त्याच्यासाठी हा हिशेब करावा लागतो. हाडाला आधाराची शस्त्रक्रिया झाली असेल, मज्जारज्जूवर दाब असेल किंवा डाग एखाददुसराच असेल, तर योजना निराळी असते आणि ती डॉक्टरच ठरवतात. इतकी वर्षे बँकेत काढली, पण दहा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला "एकच पुरेल" म्हणणारा काउंटर मी प्रथमच पाहिला.

एवढे होऊन दादा म्हणाले, "नको."

घरी आल्यावर त्यांनी कारण सांगितले. "हे वेदनीय कर्म आहे. उदयास आलं आहे ते समतेने भोगून संपवायचं. बरं होणारच नाही तर दुखणं तेवढं का चुकवायचं?" यावर आम्ही कोण काय बोलणार? वहिनींचे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "समतेने भोगताय असं मला तर दिसत नाही. दिवाळीपासून तुमचं सामायिक नाही. स्वाध्यायाची पोथी उघडली की दोन ओळींत मिटता. दिवसभर तुमच्या मनात एकच, आता कळ येईल, आता येईल. याला काय म्हणतात ते तुम्हीच मला शिकवलं आहे."

दादा बराच वेळ बोलले नाहीत. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील आर्तध्यानाच्या भेदांत वेदनेचे सततचे चिंतन येते, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहे. ते त्याज्य ध्यान आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा मला फोन आला. "दुखणं सोसणं निराळं आणि दुखण्यातच गुंतून राहणं निराळं. मी दोन महिने गुंतून पडलो आहे, निर्जरा कसली. तारीख घे."

पहिल्या दिवशी केवळ मोजमाप झाले. सपाट कडक टेबलावर निजवून सीटी स्कॅन काढतात, किरण नेमके कोठून आणि किती जावेत ते संगणकावर आखतात आणि त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढ्या खुणा करतात. वहिनी म्हणाल्या, "सासूबाईंच्या हातावर गोंदण होतं, आता यांच्या कमरेवर." खरी परीक्षा होती ती त्या टेबलावर स्थिर निजण्याची. म्हणून डॉक्टरांनी अर्धा तास आधी वेदनाशामक औषध देववले आणि गुडघ्यांखाली आधार ठेवला. असे औषध आधी मागून घ्यावे, हे मी प्रत्येकाला सांगतो.

१९ जानेवारी २०१७ रोजी शेक दिला. जाड भिंतींच्या खोलीत दादा एकटे, बाहेर पडद्यावर ते आम्हाला दिसत होते आणि ध्वनिक्षेपकावरून बोलता येत होते. यंत्र त्यांच्याभोवती सावकाश फिरले. आत नेणे आणि बाहेर आणणे धरून वीस मिनिटे, प्रत्यक्ष किरणांची थोडीशी मिनिटे. बाहेर आल्यावर म्हणाले, "झालं? मला वाटलं अजून सुरू व्हायचं आहे." अशा शेकानंतर अंगात किरण उरत नाहीत. नातवंडांनी जवळ यावे की नाही, वेगळी भांडी ठेवावीत का, असल्या शंका आमच्याकडेही निघाल्या. त्यांत तथ्य नाही. केस जातात का, अशीही विचारणा झाली. ज्या भागावर किरण पडतात तेवढ्यापुरताच त्यांचा परिणाम असतो. कमरेवर दिला तर मळमळ किंवा जुलाब एक-दोन दिवस होऊ शकतात, थकवा येतो.

दुसऱ्या रात्री दोन वाजता पुतण्याचा फोन आला. दुखणे कमी होण्याऐवजी वाढले होते. घरी आलेले एक नातेवाईक म्हणून गेले, "बघा, जाळलं ना." खरे तर डॉक्टरांनी हे आधीच सांगितले होते आणि आमच्यापैकी कोणीही ते लक्षात ठेवले नव्हते. सुमारे एकतृतीयांश रुग्णांना पहिल्या काही दिवसांत दुखणे तात्पुरते चढते. त्यासाठी गोळ्या असतात, त्या आमच्या पिशवीत होत्या. तीन-चार दिवसांत ते ओसरले.

मधल्या दिवसांसाठी तीव्र वेदनाशामक हवे होते आणि दादांचा चौविहार मोडायचा नव्हता. रात्री गोळी घ्यायची नाही, हे त्यांनी निश्चून सांगितले. आम्हाला वाटले, डॉक्टर चिडतील. त्यांनी त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी दिली, जिचा परिणाम तीन दिवस टिकतो. काही गोळ्या बारा तास पुरतात, त्या सूर्यास्तापूर्वी घेता येतात. आपले नियम डॉक्टरांना सांगावेत, बहुधा त्यातून वाट निघते. या औषधांचे व्यसन लागेल ही भीतीही बहुतांशी अनाठायी असते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेणे आणि व्यसन यांत फार अंतर आहे.

बाराव्या रात्री दादा पलंगावर निजले आणि पहाटे चारला उठले. वहिनींनी मला फोन केला नाही, कारण त्याही झोपल्या होत्या. १० फेब्रुवारीला ते आसनावर बसले. पाठीशी भिंतीचा आधार घेतला होता, मांडी न घालता पाय पुढे सोडले होते. ४८ मिनिटांनी उठले तेव्हा कोणी काही बोलले नाही. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

व्यापारी मंडळींत अजूनही "टाटाला नेलं" या शब्दांचा अर्थ "आता संपलं" असा होतो. म्हणून थोडा इतिहास आठवावासा वाटतो. मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, तेव्हा त्यांचे पती सर दोराबजी यांच्या मनात आले की परदेशात मिळतात तसे उपचार येथेही मिळावेत. त्यांच्या न्यासाने परळला उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे, कारण या रोगात किरणांचे महत्त्व किती हे होमी भाभा यांनी जाणले होते. पुढे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कोबाल्टवर चालणारे भाभाट्रॉन हे देशी यंत्र घडवले. कोबाल्टची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणजे बँकेच्या भाषेत हा दर वर्षी घटणारा ठेवा. तरीही लहान गावांतल्या रुग्णालयांना ते यंत्र परवडते, आणि भारताने ते व्हिएतनामसारख्या देशांनाही दिले आहे. परळच्या जेरबाई वाडिया मार्गावरच्या फुटपाथवर दूरदूरच्या गावांतून आलेली कुटुंबे आजही दिसतात. उपनगरांत राहणाऱ्या आपल्याला हे यंत्र आता अर्ध्या-पाऊण तासावर आहे. ज्यांना ते शेकडो मैलांवर आहे त्यांच्या मानाने आपल्या विलंबाला सबब उरत नाही.

एक गोष्ट मात्र उद्यावर टाकू नये. कर्करोगाच्या रुग्णाच्या पायांत एकाएकी अशक्तपणा आला, बधिरता आली, चालताना पाय लटपटू लागले, लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, तर मज्जारज्जूवर दाब पडत असू शकतो. तेव्हा दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न असतो. चालता येत असतानाच उपचार सुरू झाला तर पुढेही चालता येण्याची आशा बरीच असते, पाय गेल्यावर ती फार कमी होते. दुकान वाढवून जाऊ, पाहुणे गेल्यावर जाऊ, असे करू नये. तसेच मांडीचे हाड फार पोखरले असेल तर आधी सळई घालून मग शेक देतात, कारण किरणांनी हाड लगोलग बळकट होत नाही. हाडांसाठी इंजेक्शनेही असतात, ती सुरू करण्यापूर्वी दातांची तपासणी करून घ्यावी लागते, कारण नंतर दात काढल्यास जबड्याचे हाड बिघडण्याचा धोका असतो.

दादा त्यानंतर पंधरा महिने होते. सगळे दिवस सारखे गेले नाहीत. नोव्हेंबरात फासळ्यांत दुखू लागले, तेथेही एकदा शेक दिला, या वेळी गुण थोडाच आला. पण त्या वर्षीच्या दशलक्षणात ते रोज मंदिराच्या पायऱ्या चढले. क्षमावाणीच्या दिवशी त्यांनी मला, धाकट्याला, हात जोडले आणि म्हणाले, "दुखणं लपवलं, क्षमा कर." मी म्हणालो, "दादा, तुम्हाला तुमचाच आजार सांगितला नाही, तुम्ही मला क्षमा करा." ते म्हणाले, "ठीक आहे. बरोबरीत सुटलं." २०१८ च्या महावीर जयंतीनंतर दोन आठवड्यांनी ते घरीच, सगळ्यांच्या सान्निध्यात गेले.

नंतर कपाटात त्यांची नियमांची वही सापडली. देवदर्शन, स्वाध्याय, सामायिक, चौविहार अशा चौकटी आखून दररोज खूण करण्याची त्यांची पद्धत होती. सामायिकाच्या चौकटी ३१ ऑक्टोबर २०१६ पासून ९ फेब्रुवारी २०१७ पर्यंत कोऱ्या आहेत. मोजण्याची सवय जात नाही म्हणून मी त्या मोजल्या. १०२ भरल्या. त्यांतल्या २२ शेकाच्या आणि नंतरच्या दिवसांच्या, कारण गुण यायला तेवढे दिवस लागतातच. उरलेल्या ८० आमच्या लपवाछपवीच्या, मालीशीच्या, "वय झालं"च्या आणि माझ्या न झालेल्या पाच स्थानकांच्या आहेत. दादांनी त्या माझ्या नावे लिहिल्या नाहीत. मीच लिहून ठेवल्या आहेत.

मंदिराच्या पायऱ्यांवर भेटलेल्या त्या गृहस्थांना मी शेवटी एवढेच म्हणालो की निर्णय आईंचा आहे, तेव्हा आधी त्यांना विचारा. त्यांना काय ठाऊक आहे आणि काय करावेसे वाटते ते ऐका. मग डॉक्टरांना विचारा, हा शेक बरे करण्यासाठी की दुखणे थांबवण्यासाठी, किती वेळा आणि तेवढेच का, पहिल्या आठवड्यात दुखणे चढले तर काय द्यायचे, आणि कोणते लक्षण दिसताच रात्री-अपरात्री धावायचे. चार प्रश्न कागदावर लिहून न्या, खोलीत गेल्यावर आठवत नाहीत. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आई म्हणाल्या होत्या, "मला पहाटे मंदिरात जायचंय, तेवढं जमेल असं करा."

लिहिण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास जाणकारांनी क्षमा करावी.

जय जिनेंद्र.